आइस्क्रीमच्या हत्तीचे कान

विद्युल्लताबाई दफ्तरदारांनी खोटं असं काहीच लिहिलं नव्हतं. देवासच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी एक फोटो टाकला आणि खाली दोन शब्द लिहिले, 'आज सहज...' पुढची तीन टिंबं निव्वळ सवयीची. या दोन शब्दांत 'हा हत्ती मी केला' असं कुठं होतं? पण ग्रुपवरच्या एकशे बारा माणसांनी तसा समज करून घेतला. तो दूर करायला विद्युल्लताबाईंना पहिली पाच मिनिटं वेळ झाला नाही, आणि सहाव्या मिनिटाला फार उशीर झाला होता.

त्या सकाळी मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्वतः केलेल्या पुडिंगचा फोटो टाकला होता. त्याला तीन वेळा 'वा' म्हणून झाल्यावर विद्युल्लताबाई आपल्याकडे टाकण्यासारखं काय आहे ते फोनमध्ये शोधू लागल्या, आणि नेमका तेव्हाच कुक्षीच्या मामेबहिणीकडून तो हत्ती आला. तिला तो कुणी पाठवला होता ते तिलाही आठवत नव्हतं. स्टीलच्या ताटात आइस्क्रीमचा हत्ती ऐटीत बसला होता. चॉकलेटी-राखाडी अंग, केळ्याची सोंड, काजूचे सुळे, मनुकांचे डोळे, पाठीवर टूटीफ्रूटीची झूल. आणि कान! मोठे, पातळ, कडेला किंचित मुडपलेले. आता हलतील की मग, असे. ताटाच्या काठावर बारीक ठिपक्यांची काहीतरी नक्षी होती. तिकडे त्यांनी पाहिलं नाही. कानांवरून नजर हटली असती तर पाहिलं असतं.

"सुगरण!", "ताई, तुम्ही तर कमाल!", "पुडिंग फिकं पडलं!" असे निरोप येत राहिले. शेवटचा वाचून विद्युल्लताबाईंना जरा बरं वाटलं. मग कुणीतरी विचारलं, "कान कशाचे केलेत?"

विद्युल्लताबाईंनी लिहिलं, "सिक्रेट." हे मात्र शब्दशः खरं होतं. ते त्यांच्यापासूनही सिक्रेट होतं.

संध्याकाळी उमाशंकरराव चष्मा कपाळावर चढवून स्वयंपाकघरात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते ग्रुपवरचा प्रत्येक निरोप, अगदी शुभ प्रभातसुद्धा, पूर्ण वाचत.

"अगं, हा हत्ती कधी झाला? मी तर दिवसभर घरातच होतो."

"तुम्ही झोपला होतात."

"आणि खाल्ला कुणी?"

"वितळला."

उमाशंकररावांनी फ्रिजकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. रागावल्या किंवा ओशाळल्या की विद्युल्लताबाईंचे कान लाल होत. ते आत्ता लाल होते. उमाशंकरराव चष्मा डोळ्यांवर घेऊन बाहेर निघून गेले.

प्रकरण इथंच संपलं असतं. पण इंदूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा अजेय आईच्या बाबतीत फार अभिमानी होता. मंगळवारी त्याचा फोन आला.

"आई, तुझा तो हाथी मी ईशानीला पाठवला. तिनं आजीसाहेबांना दाखवला. त्या तर एकदम फिदा! म्हणाल्या, रविवारी देवासला येतो आणि हाच हत्ती खातो."

विद्युल्लताबाई खुर्चीत बसल्या. ईशानी इंगळे ही अजेयची पसंती. वडील फौजेत, सदा कुठल्यातरी सीमेवर. त्यामुळे तिला वाढवलं धारच्या आजी-आजोबांनी, आणि लग्नाचा शब्दही त्यांचाच चालायचा. आजोबा जयसिंगराव. त्यांचे पणजोबा म्हणे धार दरबारात हत्तीखान्यावर होते. आजी सगुणाबाई. मुलाला पाहून दोन महिने झाले होते, पण धारहून अजून 'हो' आलं नव्हतं. अजेय त्या एका अक्षरासाठी दाढी वाढवून बसला होता.

"अरे, तो हत्ती म्हणजे..." विद्युल्लताबाईंनी सुरुवात केली.

"एक लक्षात ठेव हं आई. आजीसाहेबांना झूठ बिलकुल चालत नाही. ईशानीच्या आत्याचं एक स्थळ त्यांनी मोडलं होतं, मालूम आहे? मुलानं हाइट दीड इंच जास्त सांगितली होती. त्यांनी बैठकीतच टेप मागवला. तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "तो जरा वेळखाऊ असतो, एवढंच."

मग घरात हत्तींचा कारखाना सुरू झाला. फ्रीझर आधीच लहान. त्यात तळाशी, एका जुन्या आइस्क्रीमच्या डब्यात, महिनाभराची साय विरजण लावून साठवलेली. दफ्तरदारांच्या घरात निरांजनाला विकतचं तूप चालत नसे. त्या डब्यावर आता त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, व्हॅनिलाचा डबा येऊन बसला. अंगाचं जमून गेलं. व्हॅनिलात चॉकलेटची पूड कालवली की हत्तीचा रंग येई. सोंडही दोन केळी वाया गेल्यावर वळली. कान मात्र काही केल्या येईनात.

बिस्किटांचे लावले तर हत्ती उंदरासारखा दिसला. खाकऱ्याचे लावले तर रोवतानाच मोडले. करंजीची पारी तळून लावली, तर कान शोभले, पण तळणाचं तेल आइस्क्रीमवर उतरून हत्ती आजारी वाटू लागला. सरबताच्या जेलीचे कान पंख्याच्या वाऱ्यानं थरथरत खाली आले. आणि बिघडलेला प्रत्येक हत्ती, अन्न टाकायचं नाही म्हणून, उमाशंकररावांसमोर येत होता.

दुसऱ्या हत्तीच्या वेळी ते चमचा खाली ठेवून म्हणाले, "अगं, त्या फोटोबद्दल एक सांगू?"

"नको."

"बरं," असं म्हणून त्यांनी सोंड खाल्ली.

शनिवारपर्यंत पाच हत्ती पोटात गेले आणि उमाशंकररावांचा घसा पार बसला. तोंडातून शब्दाऐवजी वारा यायला लागला. विद्युल्लताबाईंनी त्यांना हळदीचं गरम पाणी दिलं आणि बोलायची मनाई केली. मनाई करण्याची तशी गरज नव्हती.

रविवारी सकाळी अकराला लाइट गेली. मे महिना, बाहेर ऊन रणरणत होतं. विद्युल्लताबाई मागच्या गल्लीत विड्याची पानं आणायला गेल्या होत्या. कानांसाठी हा त्यांचा शेवटचा विचार होता. आकार तरी हत्तीच्या कानाचा आहे, रंगाचं पुढं पाहू. इकडे उमाशंकररावांना घाम फुटला. आइस्क्रीम वितळलं तर आज सोयरिक वितळेल. त्यांनी व्हॅनिलाचा डबा उचलला आणि शेजारच्या भूपेंद्रकडे, ज्याचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालायचा, नेऊन ठेवला. विद्युल्लताबाई परतल्या तेव्हा त्यांनी हे सांगायचा मनापासून प्रयत्न केला. फ्रिजकडे बोट दाखवलं, भिंतीपलीकडे बोट दाखवलं, दोन्ही हातांनी डब्याचा आकार केला.

"अहो, कळलं, लाइट गेलीय. बोलू नका म्हटलं ना? गरम पाणी प्या!"

तेवढ्यात दारात मोटार थांबली. पाहुणे अर्धा तास आधी आले होते, आणि इंदूरहून निघालेला अजेयही त्यांच्या मागोमाग पोचला.

सगुणाबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, माहेश्वरी साडीचा पदर डोक्यावरून घेतलेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नसे. मागं जयसिंगराव, मिशांना पीळ देत. ईशानीच्या हातात क्रोशाच्या रुमालानं झाकलेलं ताट होतं.

"कणकेचे बाफले कुटून केलेले लाडू आहेत," सगुणाबाई म्हणाल्या. "रिकाम्या हातानं कसं यायचं? आणि ताट परत येताना रिकामं यायला नको हं, विद्युल्लताबाई."

"छे छे, असं कसं होईल, आजीसाहेब!"

"बाकी काही करू नका. आम्ही हत्तीसाठीच आलो आहोत."

विद्युल्लताबाई स्वयंपाकघरात पळाल्या. फ्रीझर उघडला. आत डबा होता. दुसरा तळाच्या बर्फात रुतला असेल, असं त्या धरून चालल्या. झाकण काढलं, पांढरंशुभ्र, घट्ट. लाइट जाऊन तास झाला तरी वितळलं नव्हतं, हे पाहून त्यांनी देवाला हात जोडले. चॉकलेटची पूड कालवली आणि थापायला घेतलं. चाखून पाहायचा प्रश्न नव्हता. देवाला दाखवण्याआधी जिभेला लावायचं नाही, हा सासूबाईंचा नियम त्यांनी तीस वर्षं पाळला होता. सोंड वळली, सुळे बसले, विड्याच्या पानांचे कान रोवताच रुतले आणि ताठ उभे राहिले. देवापुढं चमचाभर ठेवून त्या मागं सरकल्या. आठवडाभरात प्रथमच हत्ती हत्तीसारखा दिसत होता. खचत नव्हता, पाझरत नव्हता. पाच हत्तींच्या अनुभवानं हात बसला, असं त्यांना वाटलं.

हत्ती टेबलावर येताच जयसिंगराव उठून उभे राहिले. "वा! आमच्या पणजोबांच्या हाताखाली एक हत्तीण होती, चंद्रकला नावाची. अगदी हीच बैठक!"

सगुणाबाईंनी हत्तीला चष्म्यातून, मग चष्म्यावरून पाहिलं. "कान कशाचे केलेत?"

"विड्याच्या पानांचे."

"फोटोत हिरवे नव्हते."

"ते... उन्हाळ्यात हे बरे पडतात. थंड असतात." विद्युल्लताबाईंच्या कानांतून वाफा यायला लागल्या.

"हं," सगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला.

चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी दुसरा घेतला. जयसिंगरावांनी मोठा घास घेतला. मिशांच्या टोकांना काहीतरी तुकतुकीत लागलं होतं आणि ते निपटून निघेना.

"भारदस्त आहे," ते बऱ्याच वेळानं म्हणाले.

"आई, हे असं का लाग..." अजेय बोलता बोलता 'आयोऽ' करून थांबला. टेबलाखालून ईशानीची चप्पल त्याच्या नडगीवर बसली होती.

"आजोबांना शुगर आहे, म्हणून काकूंनी मीठा कमी टाकला असेल," ईशानी म्हणाली. "हो ना, काकू?"

विद्युल्लताबाईंनी स्वतः अजून चाखलं नव्हतं. "हो, हो, मुद्दामच!" त्या म्हणाल्या.

"किती काळजी!" सगुणाबाई म्हणाल्या.

मग विद्युल्लताबाईंनी चमचा तोंडात घातला. जीभ टाळूला चिकटली. आंबूस, तुपट, कडवट चॉकलेटी असं काहीतरी घशाखाली उतरायला तयार नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. उमाशंकरराव खाली मान घालून आपला वाटा एकेक चमचा, औषध घ्यावं तसा, संपवत होते. अर्धी वाटी रिकामी झाली होती.

पंखा फिरू लागला. लाइट आली. आणि दारातून भूपेंद्रचा खणखणीत आवाज आला.

"भाभीजी! अपनी आइस्क्रीम ले लो! भिया सुबह मेरे फ्रिज में रख गए थे. लाइट आ गई तो सोचा दे आऊँ." तो डबा घेऊन थेट टेबलापाशी आला आणि हत्ती पाहून थबकला. "अरे वाह! हाथी तो बन भी गया! तो फिर ये काहे का बना है?"

विद्युल्लताबाईंना वाटलं, फरशी उचलावी आणि खाली जाऊन बसावं. अशा वेळी उमाशंकररावांच्या घशातून, दोन दिवसांत प्रथमच, एक शब्द स्पष्ट बाहेर पडला.

"सायीचा."

भूपेंद्रनं हत्तीकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि डबा टेबलावर ठेवून "चलता हूँ भाभीजी" म्हणत उलट्या पावलांनी निघून गेला.

विद्युल्लताबाईंना हुंदका आवरेना. "आजीसाहेब, मी... फ्रिजमध्ये दोन डबे..."

सगुणाबाईंनी उरलेला शेवटचा चमचा तोंडात घातला, वाटी खरवडली आणि खाली ठेवली.

"विरजण चांगलं लागलंय," त्या म्हणाल्या.

व्हॅनिला वाटीत घालून खाल्लं गेलं. त्यावर कुणीही कान लावायला सांगितले नाहीत. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, बागलीकडच्या कुणा पाहुण्याची चौकशी झाली. लग्नाबद्दल एक अक्षर नाही. जाताना सगुणाबाई उंबऱ्यावर थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ताट तेवढं आठवणीनं." गाडी वळणापर्यंत गेली तरी अजेय हात हलवत उभा होता. मग तो आत आला, आईकडे न पाहता बॅग घेऊन इंदूरला निघून गेला.

दुपार कलल्यावर विद्युल्लताबाई ओट्यापाशी आल्या. रडायला सुरुवात करण्याआधी त्यांनी लाडू डब्यात काढले आणि ताट धुतलं. दुसऱ्याचं भांडं घरात आलं की काठ फिरवून नाव वाचायचं, म्हणजे परत देताना घोटाळा होत नाही. हात आपोआप फिरला. काठावर, भांडेवाल्यानं ठिपक्या-ठिपक्यांनी टोचून घातलेलं नाव होतं, 'सौ. सगुणाबाई ज. इंगळे, धार'.

हे ठिपके त्यांनी कुठंतरी पाहिले होते.

ओल्या हातानं त्यांनी फोन उचलला. फोटो उघडला. दोन बोटांनी मोठा केला. केळ्याची सोंड बाजूला गेली, सुळे गेले, आणि ताटाच्या काठावरची ती नक्षी सरकत सरकत मधोमध आली. सौ. सगुणाबाई ज. इंगळे. धार. इतकं स्पष्ट की शाळेतल्या मुलानं वाचावं. हे नाव आठ दिवस एकशे बारा माणसांच्या खिशात होतं.

विद्युल्लताबाईंना रडू येईना. रडू येण्याची पायरी मागं पडली होती. कान इतके तापले की त्यांनी दोन्हींवर ओले हात ठेवले. मग, धीर करून नव्हे, तर आता धीराची काही गरजच उरली नाही म्हणून, त्यांनी धारला फोन लावला.

"वाचलंत का नाव?" सगुणाबाईंनी पलीकडून थेट विचारलं. त्या नुकत्याच घरी पोचल्या होत्या.

"आजीसाहेब, मला माफ करा. तुम्हाला आधीपासून..."

"नातवाच्या, पियुषच्या वाढदिवसाला केला होता मी. सगळ्या नातवंडांना हत्ती करते. ईशानीनं तुमचा फोटो दाखवला तेव्हाच आम्ही ओळखला. हे तर 'आमची चंद्रकला देवासला पोचली' म्हणून दिवसभर हसत होते. ठाऊक नव्हतं ते फक्त तुमच्या अजेयला. पोरगं साधं आहे."

"मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुम्ही कुठं काय खोटं लिहिलं होतं? 'आज सहज' लिहिलं होतं. मीही सहजच आले."

विद्युल्लताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्या चुकीची शिक्षा पोरांना देऊ नका. तुम्हाला खोटं चालत नाही, हे मला अजेयनं..."

"ज्याला खोटं चांगलं जमतं, तो मला चालत नाही. तुम्हाला तर काहीच जमत नाही. एक शब्द बोललात की कान टोमॅटो! अशा सासूचं पोरीला भय नाही. आणि तुमच्या यजमानांनी पहिल्याच घासाला साय ओळखली होती. मी बघत होते. तरी माणूस बायकोचं झाकायला मुकाट खात राहिला. अजेयला सांगा, दाढी कर म्हणावं."

विद्युल्लताबाई भिंतीला टेकल्या. "आजीसाहेब, एक विचारू? कान कशाचे करता?"

"सिक्रेट," सगुणाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी विद्युल्लताबाईंनी ग्रुपवर सरळ, टिंबं न देता लिहिलं, 'तो हत्ती मी केलेला नव्हता. तो धारच्या सौ. सगुणाबाई इंगळे यांनी केला होता. मी तो माझा म्हणून मिरवला, याची मला लाज वाटते.' आणि त्या वाट पाहत बसल्या. लोक काय बोलायचं ते बोलून घेतील, एकदाचं संपेल.

पहिलं उत्तर आलं, "किती हा विनय!" दुसरं आलं, "होणाऱ्या विहिणीकडच्यांना असं श्रेय द्यायला मन मोठं लागतं." मग जोडलेल्या हातांची रांग लागली. चिटणीसबाईंनी तर लिहिलं, "ताई, तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे." आणि कुणीतरी खाली विचारलं, "ते सगळं ठीक, पण कान कशाचे?"

विद्युल्लताबाईंनी फोन पालथा ठेवला. लाज बाहेर काढायला गेल्या, तर ती दुप्पट होऊन घरी परत आली होती. समोर उमाशंकरराव हळदीचं पाणी पीत होते.

"पापडाचे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"काय?"

"कान. उडदाचा पापड. भाजून गरम असतानाच वाटीवर दाबलेला. फोटो मोठा केला की फोड दिसतात."

"तुम्ही फोटो मोठा केला होता? कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग... काठावरचं नाव?"

"तेही वाचलं."

"अहो, मग आठ दिवस तुम्ही मला का सांगितलं नाहीत?"

उमाशंकररावांनी पेला खाली ठेवला. "दुसऱ्या हत्तीला सांगू का विचारलं होतं. तू 'नको' म्हणालीस."

विद्युल्लताबाई उठल्या, माळ्यावरचा पापडांचा डबा काढला आणि धारचं ताट पुसून काठोकाठ भरलं. क्रोशाचा रुमाल पसरताना त्यांनी एकदाच मागं वळून विचारलं, "बोलायचंय का अजून काही?"

"बोलू?"

"बोला."

"मिऱ्याचे आहेत ते," उमाशंकरराव म्हणाले. "हत्तीला बिनमिऱ्याचे लागतात."